पिशवीत कोण लपलंय?

बालमित्रांनो, सहलीला निघताना तुमची पिशवी कशी भरलेली असते? डबा, पाण्याची बाटली, टोपी, रुमाल आणि कोपऱ्यात हळूच सरकवलेली गोळ्यांची पुडी! पण बोटीत चढण्याआधी ही भरलेली पिशवी पुन्हा पूर्ण उपसायची, बुटांचे तळवे ब्रशने खसाखसा घासायचे, मोजे उलटे करून झटकायचे आणि खिशांची अस्तरंसुद्धा बाहेर काढून पाहायची, अशी सहल कुणी केली आहे का?

न्यूझीलंड देशात एक बेट आहे. त्याचे नाव टिरिटिरी मटांगी. तिथे जायचं तर हे सगळं करावंच लागतं. मोठ्या माणसांचीही त्यातून सुटका नाही! आणि शोधायचं काय? दागिने नाहीत, पैसे नाहीत. शोधायचा उंदीर, शोधायची मुंगी आणि शोधायचं गवताचं चिमुकलं बी.

हसू आलं ना? आता या तपासणीमागची गोष्ट ऐका.

पक्ष्यांचा देश

न्यूझीलंडची भूमी सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी मोठ्या खंडापासून तुटून दूर गेली. तेव्हापासून तिच्या चहूबाजूंना समुद्रच समुद्र. त्यामुळे माणूस येईपर्यंत त्या जंगलांत वाघ नव्हता, कोल्हा नव्हता, मुंगूस नव्हते, उंदीरही नव्हता. जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणाल तर फक्त वटवाघळे! बाकी सगळं राज्य पक्ष्यांचं.

शत्रू होते ते आकाशात. गरुड, ससाणे, भोवत्या हे शिकारी पक्षी नजरेने भक्ष्य शोधतात. त्यांच्यापासून वाचायचा सोपा उपाय म्हणजे पानांत दडून अगदी स्तब्ध बसणं. ‘स्टॅच्यू’ खेळताना तुम्ही बसता ना, तसं! अनेक पक्ष्यांनी हाच उपाय लाखो वर्षे वापरला. काहींनी तर उडणंही सोडून दिलं. कशाला उडायचं? जमिनीवर त्यांना पकडणारं होतंच कोण?

मग सुमारे सातशे वर्षांपूर्वी मावरी लोक होड्यांतून आले. त्यांच्याबरोबर कियोरे नावाचा छोटा उंदीर आणि कुत्रा आला. पुढे युरोपातून जहाजे आली. त्यांतून आणखी दोन जातींचे मोठे उंदीर उतरले, मांजरे उतरली. उंदीर काही नजरेवर विसंबत नाही. तो वासावर येतो, आणि येतो रात्री. त्याच्यापुढे ‘स्टॅच्यू’ होऊन काय उपयोग? अंडी गेली, पिल्ले गेली, अंड्यांवर बसलेल्या माद्याही गेल्या.

ही गोष्ट वर्गात सांगितली की कुणीतरी हात वर करतंच. “बाई, मग एक मांजर सोडायचं ना! उंदीर खाऊन टाकेल.” मोठ्या माणसांनीही असाच विचार केला होता बरं का! तिथे शिकारीसाठी आणलेले ससे फार वाढले, शेतं खाऊ लागले. त्यांना आवरण्यासाठी १८८० नंतरच्या दशकात स्टोट नावाचे प्राणी आणून सोडले. स्टोट म्हणजे मुंगसाचा धाकटा भाऊ शोभेल असा लांबुडका, चपळ शिकारी. त्याने ससे खाल्ले खरे, पण त्याहून सोपी शिकार त्याला पायाशीच मिळाली. उडता न येणारे पक्षी!

समुद्राचा खंदक

आता जंजिरा किल्ला डोळ्यांसमोर आणा. चारी बाजूंना पाणी. शत्रूला आत शिरणं महाकठीण. न्यूझीलंडच्या लोकांनी हीच युक्ती पक्ष्यांसाठी केली. किनाऱ्यापासून दूरची बेटं निवडायची, तिथले उंदीर, मांजरं, स्टोट पूर्णपणे काढून टाकायचे आणि उरलेसुरले दुर्मिळ पक्षी त्या जलदुर्गात नेऊन ठेवायचे.

टिरिटिरी मटांगी हे असंच एक बेट. ऑकलंड या मोठ्या शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर. आकार २२० हेक्टर, म्हणजे सुमारे साडेपाचशे एकर. आपल्याकडचं एखादं छोटं गाव आणि त्याची शिवारं मिळून होतील एवढंच! तिथे १८६४ साली बांधलेलं दीपगृह आहे. शंभराहून अधिक वर्षे त्या बेटावर शेती आणि गुरं-मेंढ्यांची चराई चालली. १९७१ मध्ये ती थांबली तेव्हा बेटावर मूळ जंगल उरलं होतं शंभरातले जेमतेम सहा हिस्से. म्हणजे शंभर पावलं टाकली तर सहा पावलं सावली आणि चौऱ्याण्णव पावलं उघडं गवत.

मग माणसं कामाला लागली. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत स्वयंसेवकांनी तिथे अडीच ते तीन लाख झाडं लावली. त्यांत नोकरदार होते, आजी-आजोबा होते, शाळेतली मुलं होती. रविवारी बोटीने जायचं, कुदळ-फावडं घ्यायचं, रोपं लावायची आणि संध्याकाळी चिखलाचे हात घेऊन परत यायचं! १९९३ मध्ये बेटावरचा कियोरे उंदीरही पूर्ण संपवण्यात आला.

झाडं वाढू लागली तसतसे एकेक पाहुणे आणले गेले. १९८४ मध्ये टिएके आला. काळा पक्षी, पाठीवर तांबूस खोगीर घातल्यासारखा पट्टा. १९९१ मध्ये टाकाहे आला. १९९५ मध्ये हिही, १९९७ मध्ये गळ्याशी निळे लोलक मिरवणारा आणि बासरीसारखा गाणारा कोकाको. २००३ मध्ये तुआतारा. हा दिसतो सरड्यासारखा, पण सरडा नव्हे! डायनोसॉरच्या काळातल्या एका कुळातला हा उरलेला एकटाच वारस. आणि २०११ मध्ये वेटापुंगा, म्हणजे नाकतोड्याचा नातलग, जगातल्या सर्वांत वजनदार कीटकांपैकी एक!

यातल्या टाकाहेची ओळख तर तुम्हांला पटकन पटेल. आपल्याकडे तळ्याकाठी लव्हाळ्यांत जांभळी पाणकोंबडी दिसते ना? निळसर जांभळं अंग, लाल चोच, लांब लाल पाय. टाकाहे हा तिचाच धिप्पाड चुलतभाऊ, पण त्याला उडता येत नाही. हा पक्षी जगातून संपला असंच सगळे धरून चालले होते. १९४८ साली डॉ. जेफ्री ऑर्बेल यांना तो मर्चिसन डोंगरांत पुन्हा सापडला. आज साऱ्या जगात मिळून टाकाहे आहेत पाचशेच्या आसपास. एखाद्या मोठ्या शाळेचा पट याहून जास्त असतो!

किल्ला पडतो कसा?

इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही वाचलंच असेल. मजबूत किल्ला तोफांनी पडत नाही, तेव्हा कुणीतरी आतून दरवाजा उघडून देतो. बेटांचंही तसंच आहे. एवढा समुद्र ओलांडून उंदीर येतो तो बहुधा आपल्याच बोटीतून, आपल्याच सामानातून. आणि दरवाजा उघडणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला बिग साउथ केप नावाचं बेट आहे. मावरी त्याला टाउकीहेपा म्हणतात. १९६० नंतरच्या काही वर्षांत मासेमारीच्या बोटींतून तिथे जहाजी उंदीर उतरले. १९६४ मध्ये लोकांच्या लक्षात आलं तेव्हा बेटभर उंदीरच उंदीर झाले होते. चिखलात चोच खुपसणारा एक जातीचा पाणलावा, एक चिमुकला रानपक्षी आणि एक वटवाघूळ, अशा तीन जाती काही वर्षांतच जगातून कायमच्या गेल्या. दक्षिणेकडच्या टिएकेंचंही तेच व्हायचं. पण वन्यजीव खात्याच्या माणसांनी घाईघाईने ३६ टिएके पकडले आणि उंदीर नसलेल्या जवळच्या बेटांवर नेऊन सोडले. आज त्या जातीचे जेवढे पक्षी आहेत, ते सगळे या ३६ जणांचे वंशज!

“पण बाई, एकच उंदीर असला तर? एकटा काय करणार तो?”

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. २००४ साली त्यांनी एक प्रयोग केला. उंदीर नसलेल्या एका चिमुकल्या बेटावर त्यांनी मुद्दाम एकच नर उंदीर सोडला. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता. त्याचं नाव ठेवलं राझा. बेट केवढं? साडेनऊ हेक्टर! एवढ्याशा जागेत एक उंदीर पकडायचा म्हणजे काय अवघड? सापळे लावले, विषारी आमिषं ठेवली, वास काढणारे कुत्रे आणले. राझा काही सापडेना! काही आठवड्यांनी तो त्या बेटावरून नाहीसाच झाला. पठ्ठ्या चक्क समुद्रात उतरून ४०० मीटर पोहत शेजारच्या बेटावर गेला होता! शेवटी पेंग्विनच्या मांसाचं आमिष लावलेल्या सापळ्यात तो अडकला. तोवर १८ आठवडे लोटले होते.

विचार करा, हा तर एकटा नर होता आणि तो कुठे सोडला हे माणसांना ठाऊक होतं. एखादी पोटुशी मादी कुणाच्या नकळत उतरली तर?

आणि उंदरावरच भागत नाही. टिरिटिरी मटांगीवर २००० साली अर्जेंटिनी मुंग्या सापडल्या. या मुंग्या बाकीच्या किड्यांना जगू देत नाहीत, पक्ष्यांच्या पिल्लांनाही त्रास देतात. मुंगी ती केवढी! पण तिला बेटावरून हाकलायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला.

आता कळलं, पिशवी का उपसायची?

चला, पिशवी भरू या!

ऑकलंडमध्ये मराठी कुटुंबंही राहतात. तुमच्यापैकी कुणाचे काका, आत्या, मावशी तिकडे असतील. उद्या तुम्ही त्यांच्याकडे गेलात, तर या बेटावर जरूर जा. कारण हे बेट कुलूप लावून ठेवलेलं नाही. ज्या सामान्य लोकांनी झाडं लावली, त्यांना तिथे येता यावं असं पहिल्यापासून ठरलेलं आहे. मात्र तयारी आदल्या दिवशीच सुरू करायची.

एक. पिशवी रिकामी करून उलटी झटका. मागच्या सहलीचे चुरमुरे, बिस्किटाचा चुरा, वाळकी पानं सगळं बाहेर. मगच नवीन सामान भरा.

दोन. पिशवी चेनची किंवा घट्ट बंद होणारी हवी. उघड्या तोंडाची कापडी पिशवी नको, पुठ्ठ्याचं खोकं नको. भरलेली पिशवी रात्री अंगणात किंवा गॅरेजमध्ये उघडी ठेवू नका. उंदराला तेवढी संधी पुरते.

तीन. खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात. चिवड्याची पुडी रबरबँड लावून नेली तर चालेल का? मुळीच नाही! तो वास तुम्हांला जितका आवडतो, तितकाच उंदरालाही आवडतो.

चार. बुटांचे तळवे ब्रशने घासून धुवा. माती राहू देऊ नका. तिथल्या कौरी नावाच्या प्रचंड वृक्षांना मारणारा एक रोग मातीच्या कणांतून पसरतो. मोजे, बुटांच्या नाड्या, पँटची दुमड, चिकटपट्टीची टोपी, इथे गवताची बियाणं दडून बसतात. ती वेचून काढा.

पाच. कुत्रा, मांजर, पोपट, कुणीही बरोबर नाही. कितीही लाडका असला तरी!

बोटीत चढताना आणि बेटावर उतरताना तिथली माणसं सूचना देतात, त्या कान देऊन ऐका. आणि समजा, पिशवीत काहीतरी हललं, तर? किंचाळून पिशवी फेकू नका. उघडूही नका. तशीच घट्ट बंद ठेवा आणि बोटीवरच्या माणसाला ताबडतोब सांगा. “सगळे हसतील” म्हणून गप्प बसायचं नाही. सांगणाऱ्याला तिथे शाबासकीच मिळते.

बेटावर उतरल्यावर

पहिला नियम, पायवाट सोडायची नाही. गवतात जमिनीवर घरटी असतात, मातीत निळ्या छोट्या पेंग्विनांची आणि इतर समुद्रपक्ष्यांची बिळं असतात. वरून ती दिसत नाहीत. आपलं एक पाऊल चुकलं की बीळ ढासळतं.

दुसरा नियम, कुणालाही खाऊ घालायचं नाही. टाकाहे धीट असतो. डबा उघडलात की तो रुबाबात चालत जवळ येईल. “एक पोळीचा तुकडा दिला तर काय बिघडलं?” बिघडतं! त्याचं खाणं म्हणजे गवताचे कोवळे बुंधे आणि बिया. हिही पक्ष्यांसाठी मात्र साखरेच्या पाण्याची भांडी टांगलेली दिसतील. पण ते पाणी जाणकार माणसं मोजूनमापून ठेवतात. त्यात आपण हात घालायचा नाही.

तिसरा नियम, आवाज कमी. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. त्या बिचाऱ्याला वाटतं, आपल्या हद्दीत कुणी शिरलं! मग तो पिल्लांना चारायचं सोडून भांडायला धावतो. त्यापेक्षा एका जागी दहा मिनिटं शांत बसा. पळणाऱ्याला दिसत नाहीत तेवढे पक्षी बसणाऱ्याला दिसतात.

चौथा नियम, नेलेलं सगळं परत आणायचं. बेटावर कचऱ्याची टोपली नसते. केळ्याची साल, शेंगदाण्याची टरफलं, गोळीचा कागद, सगळं आपल्याच पिशवीतून माघारी. आणि तिथलं काही आणायचं नाही. पीस नाही, शिंपला नाही, दगड नाही. आग पेटवायची नाही, धूम्रपानही नाही. अडीच-तीन लाख झाडांना एक ठिणगी पुरते.

वाटेत कुठे काळ्या प्लास्टिकचा बोगदा किंवा लाकडी पेटी दिसली तर हात लावू नका. ते पहारेकरी आहेत! बोगद्यात शाई लावलेली पट्टी आणि कागद असतो. आतून जो जाईल त्याच्या पावलांचे ठसे कागदावर उमटतात. ठसा उंदराचा निघाला, की धोक्याची घंटा!

आणि आपली सुरक्षितता?

न्यूझीलंडमध्ये जमिनीवर साप नाहीत. जंगलात हिंस्र प्राणी नाहीत. म्हणजे बेटावर पक्ष्यांना धोका आपल्यापासून, आणि आपल्याला धोका ऊन, घसरण आणि समुद्र यांच्यापासून.

तिथलं ऊन हवेत गारवा असतानाही कातडी भाजतं, कारण त्यातले अतिनील किरण फार तीव्र असतात. टोपी आणि सनक्रीम हवंच. समुद्रातली हवा घटकेत पालटते, म्हणून पातळ रेनकोट आणि स्वेटर बरोबर असू द्या. बूट पूर्ण पाय झाकणारे, न घसरणारे घाला. बेटावर खाण्याचं दुकान नाही, तेव्हा दिवसभराचा डबा आणि पाणी आपलं आपण न्यायचं. कुणाला दमा असेल, रोजची गोळी असेल, तर ते औषध पिशवीत वरच्या कप्प्यात.

पाण्यात उतरायचं असेल तर मोठं माणूस शेजारी हवं. एकट्याने कड्याच्या टोकाशी जायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, परतीच्या बोटीची वेळ पाठ करून ठेवा! बोट रोज नसते, वादळ असेल तर निघतही नाही. कोकाकोचं गाणं ऐकत बसलात आणि बोट निघून गेली, असं व्हायला नको. तिथे तंबू ठोकायलाही परवानगी नाही.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलांच्या पिशवीची तपासणी मुलांनाच करू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा. आणि तुमची स्वतःची पिशवी त्यांना तपासू द्या! नियम सगळ्यांना सारखा आहे हे मुलांना सांगून कळत नाही, बघून कळतं. कर्मचाऱ्याने बॅग उघडायला सांगितली की काही मोठी माणसं कपाळाला आठ्या घालतात. मुलं तेही टिपतात.

घरच्या घरी करून पाहा

एवढ्या लांब जायला कधी मिळेल, असं म्हणून खट्टू होऊ नका. पावसाळा संपला की तुम्ही टेकडीवर जालच. घरी आल्यावर चटकन मोजे धुवायला टाकू नका. जुन्या वर्तमानपत्रावर ते पसरा आणि त्यांना काय काय चिकटलंय ते वेचा. कुसळं निघतील, आघाड्याच्या बिया निघतील, कधी ओळखू न येणारं एखादं काटेरी बीही निघेल. सगळी मोजा आणि वहीत लिहून ठेवा. मग विचार करा, ही बियाणं टेकडीवरून आपल्या घरी कुणी आणली?

रस्त्याकडेला रंगीबेरंगी फुलांची घाणेरी दिसते ना? तीही आपली नव्हे. अमेरिका खंडातून ती इंग्रजांच्या काळात शोभेचं झाड म्हणून आली. आज डोंगरच्या डोंगर तिने व्यापले आहेत. ती काही स्वतः चालत आली नाही.

वर्गातल्या चाळीस जणांनी आपापल्या मोज्यांतल्या बिया मोजल्या तर बेरीज किती होईल? करून पाहा आणि आकडा तुमच्या बाईंना, सरांना दाखवा. मात्र मोजून झालेल्या बिया खिडकीतून बाहेर फेकू नका हं!